जिभेने पाहिलेल्या भिंती

मी गवंडी. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमचे घर आहे. त्या भागातल्या निम्म्या भिंतींना माझा हात लागलेला आहे. शाळा तिसरीपर्यंत. म्हणून मी बोलतो आणि माझा भाचा वासू लिहून घेतो. तो ओरत्तनाडूच्या हायस्कुलात सायन्स शिकवतो. मधेच तो म्हणतो, "मामा, हे वाक्य बरोबर बसत नाही." मी म्हणतो, "भिंत उभी राहिली ना? मग पुढे लिही."

ज्यांचे डोळे गेले किंवा जायला लागले, त्यांना घरच्यांनी हे वाचून दाखवावे. रडकथा नाही. रडलो तेही सांगीन, पण एकदाच. सांगायचे आहे ते दुसरेच, आणि ते सांगायला लागलो की अजून मला बसवत नाही.

चुन्यावर आळ

चुन्याचे काम करणाऱ्या माणसाला डोळ्याचे काहीही झाले तरी तो चुन्यालाच दोष देतो. आम्ही हिरड्याच्या आणि गुळाच्या पाण्यात चुना मळून भिंती घोटणारे लोक. छताचा गिलावा करताना डोळ्यात शिंतोडा उडायचाच. उडाला की धुवायचे आणि दुधात भिजवलेली पट्टी बांधून पडायचे. माझ्या वडिलांनी तेच केले, मीही तेच केले.

शेर जाऊन किलो आला त्या सुमाराला मला दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायला लागली. संध्याकाळी कपाळ ठणकायचे. मी म्हटले, चुना. अंबू, माझी बायको, म्हणाली, "धर्मास्पत्रीत दाखवून या," म्हणजे सरकारच्या फुकट दवाखान्यात. मी म्हटले, "चाळीस वर्षे चुना खाल्ला आहे या डोळ्यांनी, मी डाक्तरला शिकवीन." दोन वर्षे दुधाच्या पट्ट्या बांधल्या. मग कडेचे दिसेनासे झाले. हातातली थापी दिसायची, शेजारचा माणूस दिसायचा नाही. एके दिवशी परांचीवर फळी आहे समजून पाय टाकला. फळी नव्हती. आडव्या बांबूला दोन्ही हातांनी लोंबकळत राहिलो आणि खालची माणसे ओरडत होती. त्या दिवशी अंबूने मला विचारले नाही. सरळ रिक्षात घातले.

डाक्तर माझ्या मुलाच्या वयाचा, तमिळ. गवंड्यांच्या मुकादमाला आमच्याकडे मेस्त्री म्हणतात, तसे तो मला म्हणाला, "मेस्त्री, किती दिवस असे आहे?"

"चुना गेला आहे साहेब, धुऊन द्या."

त्याने दिवा धरून पाहिले. मग पापणी मिटायला लावून वरून बोटाने दाबून पाहिले, एक डोळा, दुसरा डोळा.

"हा चुना नाही. आत पाणी कोंडून दाब धरला आहे. डावा गेला. उजव्याचे ऑपरेशन करून बघू. दोन वर्षे आधी आला असता तर..."

"तर काय?"

तो चांगला माणूस. वाक्य पुरे केले नाही.

अंबू मागे उभी होती. तिने विचारले, "ह्यांनी पट्ट्या बांधल्या, त्यानं झालं का?"

"पट्टीनं नाही झालं, अम्मा. पट्टी बांधून घरी बसल्यानं झालं."

मी त्याच्याशी भांडलो. माझ्या डोळ्यांचे मला जास्त कळते, असे त्याच्या टेबलावर हात आपटून सांगितले. बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसलो तेव्हा कळले की ती पायरी मला दिसत नव्हती, पायाने सापडली होती. म्हणून तुम्हाला सांगतो. दिव्याभोवती कडी दिसली तर कुणावर आळ न घेता सरळ जाऊन दाखवा.

वाळूच्या पिशव्या

ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांना पट्टी आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. डोके हलवायचे नाही. उशीर न करता सांगून टाकतो, मला फार भीती वाटली. माझ्या हाताखाली बारा-बारा माणसे काम करत होती. आता मी लहान पोरासारखा तोंड उघडायचा आणि अंबू दहीभाताचा घास भरवायची. घास तोंडातच फिरत राहायचा. ती समजायची की मीठ कमी झाले.

मग उठायची परवानगी मिळाली, पण नर्सबाईचा हात धरून. मोरीला जायचे तर हाक मारायची. एका दुपारी मी हाक मारली नाही. उठलो आणि चालू लागलो.

चार पावले गेल्यावर कुठे आहे ते कळेना. स्वतःचाच राग आला आणि जीभ टाळूवर आपटून मी "टक्" केले, वैतागून माणूस करतो तसे. आणि थांबलो.

समोर काहीतरी उभे होते.

आता हे नीट समजून घ्या. जुन्या भिंतीचा गिलावा कुठे सुटला आहे ते आम्ही डोळ्यांनी बघत नाही. थापीच्या मुठीने ठोकत जातो. धरलेला गिलावा भरीव वाजतो, सुटलेला पोकळ वाजतो. मी मुकादम झालो तो या कानांमुळे. दुसऱ्याला खुणेचा कोळसा हातात देऊन मी नुसता ठोकत जायचो, "इथे, इथे, हे सगळे काढ" म्हणत. पण ते भिंतीला हात लावून. इथे तर मी कशालाच हात लावला नव्हता. नुसती जीभ वाजवली होती आणि समोरची हवा भरीव वाजली होती!

पुन्हा टक् केले. मान डावीकडे करून टक्. पोकळ. उजवीकडे, पोकळ. समोर, भरीव. हात पुढे केला. बोटे पुरी लांब व्हायच्या आधीच थंड, गोल खांब हाताला लागला.

मी त्या खांबाला मिठीच मारली म्हणा ना. नर्सबाई धावत आली आणि तमिळमध्ये म्हाताऱ्या माणसाला हाक मारतात तसे म्हणाली, "पेरियवर, काय करताय?"

"बाई, हा खांब इथे आहे!"

"मी इथे आल्यापासून आहे तो. चला, झोपा."

पट्टी निघाली तेव्हा उजव्या डोळ्याला उजेड कळत होता, आकार कळत नव्हता. पुढे दिवाळी येईतो उजेडही गेला. त्या दिवशी मी रडलो. झाले, सांगितले.

सखारामची अट

आमचा मुलगा सखाराम तिरुच्चीला रेल्वेच्या वर्कशॉपात आहे. तो आला, घरभर फिरला, विहिरीच्या काठावर उभा राहिला आणि म्हणाला, "अप्पा, हे घर बंद करू. तुम्ही आणि अम्मा तिरुच्चीला चला. क्वार्टरला ओसरी आहे, खुर्ची टाकून देईन."

"खुर्चीत बसून काय करू?"

"काही करू नका."

हे त्याने मायेने म्हटले, मला कळत होते. पण अंगावर भिंत पडावी तसे झाले. मी म्हटले, "मज कुणी धरू नका. मी माझा चालतो." अंबू म्हणाली, "काल पाणी समजून ताकाची कळशी ओतलीत." वाद बराच झाला. शेवटी सखाराम म्हणाला, "बरं. पोंगल झालं की मी येईन. तेव्हा कुणाचाही हात न धरता मोठ्या बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत या. आलात तर राहा इथं. मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर त्याच गाडीनं माझ्याबरोबर."

"ठरले," मी म्हटले. पोंगलला अडीच महिने होते.

पाकोळ्या

वासूला मी खांबाची गोष्ट सांगितली. मला वाटले हसेल. तो खुर्चीवरून उठलाच. "मामा, तुम्ही पाकोळीसारखं करताय!"

"शिव्या देतोस?"

मग त्याने सांगितले. राजवाड्याच्या जुन्या भिंतींच्या फटीत राहणारी लहान वटवाघळे, ज्यांना आपण पाकोळ्या म्हणतो, ती अंधारात ओरडतात. त्यांचे ओरडणे भिंतीवर, किड्यावर आपटून परत येते आणि त्यावरून कुठे काय आहे ते त्यांना कळते. त्यांना डोळे असतात, पण काम कान करतात. चिंचेवर उलटी लोंबणारी मोठी वटवाघळे मात्र वेगळी, ती फळे शोधतात डोळ्यांनी आणि नाकाने. आणि समुद्रात डाल्फिन म्हणून प्राणी आहे, मासा नव्हे, तो गढूळ पाण्यात असेच करतो. हे सगळे त्याच्या शाळेत येणाऱ्या इंग्रजी मासिकात होते.

मी म्हटले, "मला ने तिथे."

संध्याकाळी आम्ही राजवाड्यातल्या एका कमानीखाली उभे राहिलो. मी पूर्वी त्या कमानीचा गिलावा केला होता आणि पाकोळ्यांच्या लेंड्यांना शिव्या घातल्या होत्या. त्या निघाल्या. कानाजवळून गेल्या, शेकड्यांनी, आणि एकही मला आपटली नाही.

"ऐकू येते मला त्यांचे ओरडणे," मी म्हटले.

"नाही येत मामा. माणसाच्या कानाला ते ऐकूच येत नाही, फार बारीक असतं."

"तुझ्या कानाला नसेल येत."

"मामा, कुणाच्याच नाही."

मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. आता कबूल करतो, ऐकू येत होते ते पंख. पण त्या संध्याकाळी माझ्या मनात एकच होते. एवढासा जीव, सुपारीएवढे डोके, त्याला जमते. मी तर मेस्त्री आहे.

कापूस आणि मेण

शिकायला लागलो. रोज सकाळी मागच्या अंगणात. आधी भिंतीसमोर उभा राहून टक्, मग एक पाऊल मागे, टक्, आणखी एक. भिंत जवळ आली की आवाज आखडतो, दूर गेली की सैल होतो. कोपऱ्यात गेलो की दोन्हीकडून येतो. उघडे दार म्हणजे भिंतीतला खड्डा. विहिरीचा कठडा कमरेखाली कळतो, तोंड खाली केले तर. पहिल्यांदा दार न चाचपता सरळ दारातून बाहेर आलो तेव्हा मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की अंबू पोळीचे लाटणे घेऊन धावत आली.

"काय झालं?"

"दारातून आलो!"

"मग काय खिडकीतून यायचं होतं?"

आणि भिंतीवरच्या पालीने चुकचुक केले की म्हणायची, "बघा, तुमच्या जातभाईने ओ दिली."

एका गोष्टीवर मी हटून बसलो. मला हे कानाने कळते असे वाटतच नव्हते. भिंत जवळ आली की कपाळाला, गालाला काहीतरी लागल्यासारखे होते, पडदा येतो तसे. मी वासूला म्हटले, "हे कातडीने कळते. कानाचा संबंध नाही."

"मामा, कानच."

"माझे कपाळ आहे का तुझे?"

त्याने माझ्या कानात कापूस कोंबला, वर मेण दाबले, आणि मला अंगणाच्या टोकाला उभे केले. मी टक् टक् करत निघालो. कपाळ पुढे काढून, मोठ्या ऐटीत. मला काहीच लागले नाही, पडदा नाही, काही नाही. मग भिंत लागली. पूर्ण लागली. नाकातून रक्त आले.

मेण काढले तेव्हा वासू एवढा हसत होता की त्याला बोलवेना. मीही हसायला लागलो, रक्त पुसत. हरलो होतो, पण काय हरलो! कपाळाला वाटते ते कानच सांगतात. म्हणजे माझे कान, ज्यांनी चाळीस वर्षे गिलावा ऐकला, ते आता आख्खे गाव ऐकणार होते.

गल्लीत

गल्लीत पहिल्या दिवशी गाईला धडकलो. गाय मऊ, आवाज पिऊन टाकते. वाळत घातलेले लुगडे तसेच, गवताची गाडी तशीच. दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातल्या बाई अंबूकडे भांडायला आल्या. "तुमचे म्हातारे मला बघून जीभ वाजवतात!"

अंबू म्हणाली, "बघून? बघितलं असतं तर आणखी काय हवं होतं मला!" बाई तशाच घरी परतल्या. संध्याकाळी लाडू घेऊन आल्या.

तिसऱ्या आठवड्यात गटारात पडलो. हे महत्त्वाचे आहे, वासू, हे ठळक लिही. जिभेने उभे ते कळते, खाली गेलेले कळत नाही. खड्डा, पायरी, गटार, तळ्याचा काठ, तिथून काही परत येत नाही, आणि मोकळ्या रस्त्यातूनही येत नाही. दोन्ही सारखेच वाटतात. वासू पांढरी काठी घेऊन आला. मी ती फेकून दिली. पांढरी काठी म्हणजे सगळ्या गावाला दवंडी. गुडघ्याला हळद लावून अंबू म्हणाली, "पाकोळीला गटार नसतं. ती उडते. तुम्ही चालता."

माळ्यावरून मी माझा मापाचा गज काढला, सागाचा, खुणा खोदलेला. मेस्त्रीच्या हातात गज असतोच. त्याला कुणी आंधळ्याची काठी म्हणत नाही. गज खालचे सांगायचा, जीभ समोरचे.

पोंगलनंतर

सखाराम सकाळी आला. मी कडक धुतलेले धोतर नेसलो, गज घेतला आणि निघालो. तो म्हणाला, मी मागे लांब राहीन, बोलणार नाही. अंबू ओट्यावर उभी होती. तिला या घरातून हलायचे होते की नाही, हे मी तिला कधी विचारलेच नव्हते, हे तेव्हाच ध्यानात आले. विचारायची वेळ गेली होती.

डावीकडे राजवाड्याची दगडी भिंत. दगड फार छान वाजतो, कडक. पन्नास पावलांवर भिंत संपून फाटक, तिथे आवाज आत पळून जातो. मग दुकाने, एकेक दार म्हणजे एकेक खण. मी मोजत नव्हतो, मी बघत होतो! दुसरा शब्द मला सापडत नाही. गणपतीच्या लहान देवळाशी हात जोडले तर पुजारी म्हणाला, "मेस्त्री, दृष्टी आली की काय?"

कोपऱ्यापर्यंत पोचलो. कोपऱ्यावरचा खांब गजाने वाजवला, सखारामला ऐकू जावा म्हणून जरा जोरात. आणि परत फिरलो.

येताना गल्ली बदललेली होती.

जाताना तिथे काहीच नव्हते. आता टक् केले तर वरून उत्तर आले, दबके, पेंढ्यासारखे. समोरून मधेच काहीतरी, मधेच काही नाही. क्षणभर मी चुकीच्या गल्लीत शिरलो असे वाटले. उभा राहिलो. मान हलवत डावीकडे टक्, उजवीकडे टक्. वर मऊ आहे, बाजूंना मोकळे. छप्पर आहे, भिंती नाहीत. मग नारळाच्या झावळ्यांचा वास आला. कुणाचे तरी लग्न, मी कोपऱ्यावर असताना मांडव घालायला घेतला होता. म्हणजे खांब असणार, आणि ते बांबूचे, बारीक. बारीक बांबू जिभेला जेमतेम कळतो. मी गज आडवा पुढे धरला आणि एकेक पाऊल टाकत निघालो. बांबू. त्याला वळसा. पुन्हा बांबू.

तेवढ्यात कुणीतरी माझा दंड धरला. लग्नघरातला माणूस, मोठ्या प्रेमाने म्हणाला, "या पेरियवर, मी सोडतो."

"सोडा! हात सोडा म्हणतो ना! तुम्ही हात धरलात तर मला तिरुच्चीला जावे लागेल!"

तो इतका घाबरला की हात सोडून मागच्या खांबालाच आपटला. मी पुढे निघालो. मांडव संपला, दगडी भिंत परत आली, मग आमचा ओटा. मी चढलो आणि वळून उभा राहिलो.

सखाराम आला. दम लागलेला. त्या मांडवाखाली तो दोनदा पुढे धावला होता आणि दोनदा थांबला होता, हे अंबूने मग सांगितले.

"अप्पा, हात धरला होता."

"त्याने माझा धरला. मी त्याचा धरला नाही."

"अट होती की..."

"अट काय होती ते नीट आठव. मी कुणाचा हात धरायचा नाही."

सखाराम अंबूकडे वळला असावा, कारण ती म्हणाली, "माझ्याकडं काय बघतोस? मी पोंगलच्या आधीच चूल नव्याने घालून लिंपून घेतली आहे. नवी चूल टाकून मी कुठं जात नसते."

आम्ही जेवायला बसलो. पानावर सांबार-भात झाला, ताक-भात झाला. हात धुऊन त्याने ट्रंक उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"अप्पा," तो म्हणाला, "गाडीला वेळ आहे. मज स्टेशनापर्यंत सोडायला येता?"

मी गज घेतला. आम्ही दोघे निघालो, तो माझ्या हाताला हात न लावता, शेजारून. वाटेत वर्कशॉपात इंजिनाच्या चाकाला भेग आहे का ते हातोड्याने वाजवून बघतात, असे त्याने सांगितले. इतक्या वर्षांत हे तो मला कधी बोलला नव्हता. मी शंभर प्रश्न विचारले.

गाडी फलाटाला लागलेली होती. मी तिच्या कडेने चालत गेलो, टक् टक् करत. पत्रा, पत्रा, उघडे दार. पत्रा, दोन डब्यांमधली फट, पुन्हा पत्रा. सखारामला म्हटले, "हा डबा मोकळा आहे, यात बस." आत डोकावून तो म्हणाला, "खरंच की!" तो नुसता अंदाज होता, पण मी ते सांगितले नाही.

गाडी सुटली. खडखडाट लांब जाऊन विरला तेव्हा मी समोर तोंड करून एकदा जीभ वाजवली. काहीच परत आले नाही. रुळांपलीकडे सगळे मोकळे होते.

मग मी वळलो आणि एकटा घरी आलो.